पहिली फाइल अजून उघडी कशी?

३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

मेल न करता पत्र पाठवतेय, म्हणजे काहीतरी आहे हे तू पाकीट बघूनच ओळखलं असशील. संस्थेचे मेल आता मुख्य कार्यालयात चार जण वाचतात. हे नणंद-भावजयीतच राहिलेलं बरं.

आधी चांगली बातमी. ते मोठं प्रतिष्ठान आपल्याला हात द्यायला तयार आहे. चौदा केंद्रं आहेत, आणखी नऊ उघडायची, तीही दीड वर्षात. पंधरा वर्षांपूर्वी औषधांच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत मी आत लोकांशी बोलत होते आणि तू बाहेर टेबलाशी बसून वेळा देत होतीस. आज त्याच खोल्यांची तू केंद्रप्रमुख आहेस. आठवलं की माझा मलाच विश्वास बसत नाही.

प्रतिष्ठानची माणसं एप्रिलमध्ये येतील. त्यांच्यासाठी पुस्तिका छापतोय. पहिल्या पानावर आपल्या शिवणवाल्या बाई, नाव-गाव अर्थातच बदलून. प्रत्येक उद्घाटनाला मी त्यांची गोष्ट सांगते, तीच छापायची. संस्थेत आलेलं पहिलं माणूस, तीन वर्षं येत राहिलं, बरं झालं, लेकीकडे राहायला गेलं. मजकुराचा कच्चा कागद सोबत जोडलाय, नजर टाक. त्यासाठी मला फाइल क्रमांक एक हवी आहे. ती तुझ्याच कपाटात असणार.

आता दुसरं. आपल्या तपासनिसाने (तुम्ही त्याला मागे टाचणी म्हणता हे मला ठाऊक आहे, आणि त्यालाही) सगळ्या केंद्रांचे आकडे काढले. इतर केंद्रांत समुपदेशक सरासरी चौदा महिने टिकतात. तुझ्याकडे सात आहेत आणि सगळ्यात नवी मुलगीसुद्धा सहा वर्षं झाली तरी हललेली नाही. हे कसं काय? शिवाय आठवड्याला सगळ्यात कमी माणसं तुझ्या केंद्रात बघितली जातात. माणसं कमी, नोकरी सोडत कुणी नाही. पाणी कुठेतरी मुरतंय, असं टाचणी म्हणाला. मी त्याला गप्प केलं. पण तू मला सांग.

आणि शेवटचं. संगणकात फाइल क्रमांक एक ‘चालू’ दिसते. दर मंगळवारी दुपारी दोन ते चार. मागच्या मंगळवारीसुद्धा. बारा वर्षांपूर्वी संपलेली फाइल चालू कशी? नजरचूक असेल तर दुरुस्त कर आणि फाइल पाठव.

माझ्या भावाला म्हणावं, गुडघ्यांचे व्यायाम चुकवू नकोस.

तुझी,
वन्सं

०

११ फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार.

तुमच्या भावाने व्यायाम केले असं मला खुर्चीतून ओरडून सांगितलंय. खरं-खोटं तुम्हीच ठरवा.

नऊ केंद्रांबद्दल अभिनंदन. दीड वर्षात नऊ, म्हणजे दर दोन महिन्यांनी एक. इतक्या वेळात माझा पडदेवाला पडद्याचं माप घ्यायलासुद्धा येत नाही.

माझ्याकडची माणसं का सोडत नाहीत, हा प्रश्न मात्र भारी आहे. आजवर माणसं का पळतात म्हणून चौकशी झालेली ऐकली होती, टिकतात म्हणून पहिल्यांदाच. सातही जणांना मी साखळीने बांधून ठेवलेलं नाही. टाचणीने येऊन पाय तपासावेत.

माणसं कमी बघतो हे खरं आहे. ज्याला वेळ दिली त्याची वेळ दोनदा पुढे ढकलावी लागेल, असं दिसलं की आम्ही नवीन माणूस घेत नाही. शेजारच्या केंद्राकडे पाठवतो, नाहीतर सरळ सांगतो की महिनाभर थांबावं लागेल. लोक चिडतात. चिडू देत.

फाइल क्रमांक एकबद्दल नजरचूक नाही. ती चालू आहे. पाठवता येणार नाही. मुख्य कार्यालयात जाताना तुम्ही ती तुमच्या सहीने केंद्राकडे सोपवली होती, आणि चालू फाइल केंद्राबाहेर जात नाही हा नियम तुमचाच. भिंतीवर तुमच्याच अक्षरात लावलेला आहे, अजून कुणी काढलेला नाही.

पुस्तिकेसाठी दुसरी एखादी गोष्ट घ्या ना. चौदा केंद्रांत एकही नाही का?

तुमची,
वहिनी

०

१९ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. ताकास तूर लागू दिलेली नाहीस. मीही माणसांचं ऐकण्यात जन्म घालवलाय, कुणी विनोद कधी करतं ते मला कळतं.

मी काल टाचणीला तुझ्याकडे पाठवलं होतं, न कळवता. मंगळवार होता. त्याचा कागद समोर आहे, जसाच्या तसा लिहिते. दोन वाजता बाहेरचा दरवाजा नुसता लोटलेला, ढकलून आत गेला. पायऱ्यांवर वाट बघणारं कुणी नाही. आतल्या खोलीबाहेर आठ जणांच्या चपला. आत कुणीतरी बराच वेळ एकटंच बोलत होतं, मग रडण्याचा आवाज, मग चक्क हसणं. त्याने दार वाजवलं तशी सगळं चिडीचूप. तू दार बोटभर उघडून म्हणालीस, “सत्र चालू आहे, चारनंतर या.” त्याने कुणाचं सत्र विचारलं. तू म्हणालीस, “फाइल क्रमांक एक,” आणि दार लावलंस.

चपला आठ, वहिनी. सात समुपदेशक आणि आठवी तू. नववी चप्पल नाही. मग आत सत्र होतं कुणाचं?

मला काय वाटतं ते स्पष्ट लिहिते. तुम्ही आठ जण वेगळी संस्था काढताय. माझ्या पहिल्या केंद्रात, माझ्याच वेळात. सात जण वर्षानुवर्षं उगाच चिकटून राहत नाहीत. परवा फोनवर माझा भाऊ बोलून गेला की तू घरीही मंगळवारी संध्याकाळी काहीतरी लिहीत बसतेस आणि तो खोलीत आला की वही मिटतेस. बिचाऱ्याने सहज सांगितलं, त्याच्यावर डोळे वटारू नकोस.

शिवणवाल्या बाईंची फाइल हवी आहे, बाकी काही नको. पंधरा मार्चपर्यंत ती माझ्या टेबलावर आली नाही तर केंद्रप्रमुख बदलावा लागेल. हे लिहिताना मला काही आनंद होत नाही.

वन्सं

०

२७ फेब्रुवारी

वन्सं,

तुमच्या पाकिटाची कड ओली होऊन पुन्हा चिकटवल्यासारखी दिसली. टाचणीने आधी वाचून मग पोस्टात टाकलं का? आता मलाही सगळीकडे संशय यायला लागलाय. तुमचाच गुण.

वेगळी संस्था! एक संस्था सांभाळताना दम लागतो, दुसरी कुठे काढू? तुमच्या भावाची एक खुर्ची सांभाळायची असते ती वेगळीच. पण विनोद पुरे, तुम्हाला आवडत नाहीत.

वही मी मिटते कारण तीत माझ्या सात माणसांनी बोललेलं असतं. ते तुमच्या भावाला वाचू देत नाही, तसंच तुम्हालाही देणार नाही. फाइल एकमध्ये आता त्यांचं बोलणं आहे. केंद्रप्रमुख बदलायचा असेल तर बदला. नव्या माणसालाही मी कपाटाची किल्ली देईन, फाइल तुमच्याकडे पाठवायला सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र विचारते. तुमच्या पुस्तिकेच्या कच्च्या मजकुरात शिवणवाल्या बाई बऱ्या होऊन लेकीकडे राहायला गेल्या, असं आहे. त्याखाली ओळ आहे, ‘त्यांचं शिलाई मशीन लेकीने विकलं, कारण आता त्यांना राबायची गरज उरली नव्हती.’ बाई जाईन तिथे मशीन नेईन म्हणायच्या. तीन वर्षं दर गुरुवारी माझ्या टेबलासमोर बसून म्हणायच्या. त्यांनी ते विकू दिलं असतं का? आणि लेकीने मशीन विकलं हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी तरी सांगितलेलं नाही.

वहिनी

०

४ मार्च

वहिनी,

मशीनचं मला आठवत नाही. कुणीतरी सांगितलं असेल, नाहीतर मीच ओळ जुळवली असेल. लिहिताना माणूस थोडंफार जुळवतो. तू विषयाला फाटे फोडू नकोस.

बाई शेवटच्या गुरुवारी येऊन निरोप घेऊन गेल्या, सही करून गेल्या, ‘मला आता गरज नाही’ अशी. आपला नियमच आहे, माणसाने स्वतः सही केल्याशिवाय फाइल बंद होत नाही. मी ती सही पाहिलेली आहे.

पंधरा तारीख. टाचणी स्वतः येईल.

वन्सं

०

९ मार्च

वन्सं,

सही नाही. बारा वर्षं ते पान माझ्यासमोर आहे, कोरं आहे.

आता मी सांगते. तुमच्या भावाला दिलेला शब्द मोडतेय, पण तुम्ही सही पाहिल्याचं लिहिलंत त्यावर मला गप्प बसवेना.

तेव्हा चौथं केंद्र उघडायचं चाललं होतं. तुम्ही सारख्या बाहेरगावी. दर गुरुवारी अकराला शिवणवाल्या बाईंची वेळ असायची आणि तुम्ही मला फोन करून सांगायचात, त्यांना पुढच्या आठवड्याची वेळ दे. पहिल्यांदा मी त्यांना फोन केला, त्या म्हणाल्या, बरं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, बरं. तिसऱ्यांदा नुसता फोन ठेवला. चौथ्या गुरुवारी मी फोन करायच्या आधीच त्या आल्या. बाकावर तासभर बसल्या. मी पाणी दिलं. आत दुसऱ्या समुपदेशक मॅडम होत्या, त्यांच्याकडे पाठवू का विचारलं तर म्हणाल्या, “नको, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल.” मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी ताई नक्की येतील. त्या उठल्या, चपला घालताना माझ्या खांद्याला धरलं, आणि गेल्या.

शनिवारी त्यांनी स्वतःला संपवलं. सोमवारी त्यांच्या शेजारणीने येऊन मला सांगितलं. लेकीकडे त्या कधी राहायला गेल्याच नाहीत.

तुम्ही त्याच्या पुढच्या आठवड्यात, बुधवारी आलात. आठ दिवस झोपला नव्हतात, आणि पहिला प्रश्न तोच विचारलात, शिवणवाल्या बाई कशा आहेत? तुमचा भाऊ माझ्या मागे उभा होता. त्याने आदल्या रात्री मला बजावलं होतं, आत्ता सांगितलंस तर ताई कोसळेल, सगळं बंद करून टाकेल, मग बाकीचे तीनशे लोक कुठे जातील? मी म्हटलं, लेकीकडे गेल्या. पुढे कधीतरी सांगू असं आम्ही ठरवलं होतं. मग तुम्ही भाषणात ते सांगायला लागलात आणि दरवेळी टाळ्या पडायच्या. कोणत्या टाळीनंतर सांगायचं होतं?

त्या पुढच्या मंगळवारी मी दार लावून घेतलं आणि तेव्हाच्या दोन समुपदेशकांना समोर बसवून म्हटलं, मी पाणी दिलं आणि जाऊ दिलं. बोलता बोलता खूप रडले. मग त्यांच्यातली एक म्हणाली, माझंही असं एक आहे. तेव्हापासून दर मंगळवारी बसतो. या आठवड्यात कोण आपल्या हातून निसटलं, कुणाचा राग आला, कुणाचं ऐकताना कंटाळा आला, घरी कुणाचं ओझं घेऊन गेलो, ते बोलतो. मी लिहिते. कुणी कुणाला शिकवत नाही. कधी हसतोही, काही गोष्टी खरंच हसण्यासारख्या असतात.

तुमच्या संगणकात समुपदेशकांनी बसून स्वतःचं बोलायचा रकानाच नाही, वन्सं. मी दोनदा मागितला. उत्तर आलं, फक्त रुग्णांचे तास मोजले जातात. म्हणून ते दोन तास मी बाईंच्या नावावर टाकले. खोटं केलं म्हणा. फाइल उघडी होती, बंद करायला सही नव्हती, आणि त्या तासांवर त्यांचाच हक्क आहे असं मला वाटत होतं.

माझी माणसं का जात नाहीत, हे तुम्ही विचारलं होतंत.

टाचणीला पाठवू नका. स्वतः यायचं तर या.

वहिनी

०

६ एप्रिल

वहिनी,

चार आठवडे उत्तर दिलं नाही. टाचणीला पाठवलं नाही. मी आलेही नाही. सुरुवात सहा वेळा केली आणि कागद फाडले.

मला माहीत होतं.

चौथ्या केंद्राच्या उद्घाटनानंतरच्या सोमवारी, म्हणजे बाई जाऊन नऊ दिवस झाल्यावर, तिथेच मला एक पत्र आलं. बाईंच्या लेकीचं. पाच ओळी होत्या. आई शनिवारी गेली, कशी गेली ते तिने लिहिलं होतं. मशीन विकलं, मशीनच्या खणात तुमचं कार्ड सापडलं, त्यावर चार तारखा लिहून खोडलेल्या होत्या, म्हणून कळवते. कार्ड पाकिटातच घातलं होतं. शिवी नाही, आरोप नाही. तारखा तुझ्या अक्षरात नव्हत्या, बाईंनी स्वतःच लिहून घेतल्या असणार.

बुधवारी मी आले ती हे पत्र पर्समध्ये घेऊन आले. तुला विचारलं, बाई कशा आहेत, ते तू सांगशील म्हणून. तू सांगितलंस तर आपण दोघी रडू आणि मी केंद्रं बंद करीन, असं ठरवून आले होते. तू म्हणालीस, लेकीकडे गेल्या. तुझ्याकडे बघितलं आणि वाटलं, हिला खरंच माहीत नाही. आणि वहिनी, मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. लाज वाटते लिहिताना. त्या क्षणाला मीही ठरवलं की गेल्याच लेकीकडे. पुढच्या भाषणात सांगितलं. पुढच्या दहा केंद्रांना सांगितलं. कधी कधी मला स्वतःलाच खरं वाटायचं. सही पाहिल्याचं मी तुला लिहिलं ना, ते लिहिताना ती सही डोळ्यांसमोर दिसत होती.

फाइल मी पुस्तिकेसाठी मागितली नव्हती. प्रतिष्ठानच्या लोकांनी पाहायला मागितली तर ते कोरं पान त्यांच्या हाती लागू नये, म्हणून मागितली होती. तुझ्यावर संशय घेत होते तो तू संस्था काढशील असा नव्हताच. तुला कळलंय, आठ जणांना कळलंय, आणि दर मंगळवारी तुम्ही माझ्याबद्दल बोलताय, हा संशय होता. बारा वर्षं मी मंगळवारी तुझ्या केंद्रात का आले नाही याचा कधी विचार केलास का? मी केला नाही. या महिन्यात केला.

प्रतिष्ठानची माणसं परवा येऊन गेली. तिघं होती. पुस्तिका दिली नाही. शिवणवाल्या बाईंचं खरं ते सांगितलं, कार्डावरच्या चार खोडलेल्या तारखांसकट. म्हटलं, नऊ केंद्रं दीड वर्षात नकोत. आधी असलेल्या चौदा केंद्रांत समुपदेशकांना आठवड्याचे दोन तास त्यांच्या स्वतःच्या नावावर हवेत, मग वर्षाला एक केंद्र, आणि तेही जुन्या कुणाची वेळ न ढकलता. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. तरुण बाई म्हणाल्या, आम्ही तेवीस केंद्रांच्या हिशेबाने आलो होतो. कळवतो म्हणाले. नाही म्हणतील असं मला वाटतं. विश्वस्तांच्या बैठकीत माझ्यावर काय येईल ते येईल, टाचणीने तर आजच माझ्याशी बोलणं कमी केलंय.

केंद्रप्रमुख कुणी बदलत नाही. तुला तशी धमकी दिली, माफ कर.

मंगळवारी यायची परवानगी मागतेय. आठ जण हो म्हणाले तरच. संस्थापक म्हणून येणार नाही. ज्या बाईने तीन वेळा पुढच्या आठवड्याची वेळ दिली आणि चौथ्यांदा आलीच नाही, ती म्हणून येईन.

तुझी,
वन्सं

०

१२ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र भांड्यांच्या ओट्याशी उभ्याने वाचलं आणि खाली बसले. तुमचा भाऊ धावत आला. गुडघे दुखत नाहीत वाटतं त्याचे, वेळ आली की.

मला खूप राग आलाय. तो तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवणार नाही. बारा वर्षं मी तुम्हाला जपलं. बाईंनी खांद्याला धरलं होतं ते आजही जाणवतं, तरी दरवेळी तुमच्या भाषणाला पहिल्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही कोसळाल म्हणून. आणि पत्र तुमच्या पर्समध्ये होतं. त्या बुधवारी तुम्ही नुसतं “वहिनी, मला कळलंय” म्हणाला असतात, तर बारा वर्षं आपण दोघींनी ते मिळून वाहिलं असतं. मी एकटीने वाहिलं. तुम्हीही एकटीने वाहिलंत, हे कळतं मला, पण अजून तुमची कीव येत नाहीये. येईल कदाचित.

सातही जणांना विचारलं. तुमचं पत्र वाचून दाखवलं नाही, तुम्ही सांगाल तेवढं तुमचं. सहा जण लगेच हो म्हणाले. सगळ्यात नवी मुलगी म्हणाली, त्या आल्या तर आम्ही मोकळेपणाने बोलू का, याची मला खात्री नाही, पण एकदा बघू.

तेव्हा या मंगळवारी दोन वाजता. उशीर करू नका, कुणीतरी वाट बघत असणार आहे. आणि पहिला तास माझा आहे. मी बोलेन, तुम्ही ऐकायचं, मध्ये एक शब्द बोलायचा नाही.

वहिनी